कूलरवाल्याचं पुस्तक: लिहून घेतानाच्या नोंदी

२४ जून २०२४

पाऊस लागला, सिझन संपला. उरलेला माल गोडाऊनमध्ये झाकून ठेवला आणि डिसेंबरपर्यंतचा मोकळा वेळ समोर दिसला. मागच्या वर्षी याच दिवसांत पुस्तकाचं काम काढलं होतं आणि ते फसलं. यंदा नोंदी ठेवणार आहे. ज्याला स्वतःच्या धंद्यावरचं पुस्तक दुसऱ्याकडून लिहून घ्यायचंय, त्याच्या उपयोगी पडाव्यात एवढ्यासाठी.

थोडक्यात मी कोण: नागपुरात कूलर बनवतो. पत्र्याचे, डेझर्ट कूलर. वर्कशॉप हिंगणा रोडला, पत्र्याची खरेदी इतवारीतल्या लोहाओळीतून. दर वर्षी चार-पाच पोट्टे येतात, 'भाऊ, कूलरच्या धंद्यात उतरायचंय' म्हणतात, आणि मी दर वेळी तेच दोन तास बोलतो. सून म्हणाली, हे एकदा लिहून काढा. मला हिशेब लिहिता येतो, पुस्तक लिहिता येत नाही.

मागच्या वर्षीची चूक आधी सांगतो. ऑनलाइन एक एजन्सी सापडली, '४५ दिवसांत तुमचं पुस्तक'. ४० हजार ॲडव्हान्स दिला. त्यांनी तीस प्रश्नांचा फॉर्म पाठवला, मी भरून दिला. लिहिणारा माणूस कोण, कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ६२ पानं आली. यशाची शिखरं, स्वप्नांचे पंख, जिद्दीची मशाल, सगळं होतं. सुनेने कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं तर ६२ पानांत 'कूलर' हा शब्द नऊ वेळा. साबणाच्या कारखानदारालाही हेच पुस्तक चाललं असतं. पैसे परत मागितले तर करारातलं 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' हे कलम दाखवलं. ते मी वाचलंच नव्हतं.

३ जुलै

यंदा माणूस आधी पाहिला. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काम केलेल्या एक ताई आहेत, आता शब्दांकनाची कामं घेतात. नागपूरच्याच. नाव लिहीत नाही, का ते पुढे करारात येईल.

त्यांनी ॲडव्हान्स मागितला नाही. म्हणाल्या, एक प्रकरण नमुन्याचं करू, पाच हजार द्या, जमलं तर ते पाच हजार फीमध्ये वळते करू, नाही जमलं तर रामराम. मला हा हिशेब आवडला.

वर्कशॉपला आल्या. मी चहा मागवला, सत्काराचे फोटो दाखवले. त्यांनी फोटो पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, सगळ्यात जास्त नुकसान कोणत्या वर्षी झालं?"

मी लगेच म्हटलं, २०२०. मार्चच्या २५ तारखेला लॉकडाऊन लागला, सगळा माल तयार, दुकानं बंद. खरंच आहे ते.

"२०२० सगळ्यांचंच गेलं. त्याच्या आधीचं सांगा."

मी पोरग्याला म्हटलं, चहा काहून नाही आला अजून. विषय तिथेच राहिला.

१२ जुलै

करार. इथे वेळ घालवा, पैसेही घालवा. ओळखीच्या वकिलाने सहा हजार घेतले आणि मला माहीत नसलेल्या गोष्टी सांगितल्या.

एक. पैसे दिले म्हणजे मजकूर आपला झाला असं नाही. नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क मालकाचा. पण बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. तो आपल्याकडे घ्यायचा तर लेखी आणि सहीनिशी घ्यावा लागतो.

दोन. लेखी घेतला पण किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही, तर कायदा पाचच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. आमच्या पहिल्या मसुद्यात या दोन्ही जागा कोऱ्या होत्या. 'कॉपीराइटची पूर्ण मुदत, सर्व देश, सर्व भाषा, छापील, ई-बुक आणि ऑडिओ' असं घालून घेतलं.

तीन. नाव. मराठीत 'शब्दांकन: अमुक' असं आत छापायची जुनी पद्धत आहे, त्यात कोणाची मान खाली जात नाही. पण मला तेव्हा वाटलं, पुस्तकावर फक्त माझंच नाव हवं. ताई म्हणाल्या, शब्दांकन म्हणून नाव छापलं तर १ लाख ६० हजार, नाव नसेल तर २ लाख. कारण नाव नसलेलं काम पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. मी २ लाखांवर सही केली. चार हप्ते: सही झाल्यावर, अर्धा मसुदा आल्यावर, पूर्ण मसुदा आल्यावर, आणि छपाईला गेल्यावर.

दुरुस्तीच्या फेऱ्या तीन, चौथीपासून वेगळे पैसे. यावर मी हसलो होतो. तीन फेऱ्या कशाला लागतात म्हटलं!

२१ जुलै

रेकॉर्डिंग सुरू. पहिले तीन तास पूर्ण वाया गेले.

वर्कशॉपमध्ये बसलो तर मागे पत्रा कापणं आणि ग्राइंडर. मग ऑफिसात बसलो आणि तिथे कूलर चालू. कूलरवाल्याच्या ऑफिसातला कूलर बंद करायचा म्हणजे अपशकुनच, असं म्हणून मी तो चालू ठेवला. रेकॉर्डिंग ऐकलं तर माझ्या आवाजाच्या वर घर्रर्र. शेवटी घरी, मागच्या खोलीत, पंखाही बंद करून. जुलैच्या दमट हवेत पंखा बंद करून दोन तास बोलणं काय असतं ते नागपूरकरांनाच कळेल. कॉलरला लावायचा माइक १,२०० रुपयांत आणला, तो पहिल्याच दिवशी आणायला हवा होता.

बोललेलं आपोआप टाइप करणारं ॲप वापरून पाहिलं. प्रमाण मराठी बरी उतरते. माझी नाही. 'खस', म्हणजे कूलरच्या बाजूच्या ताटीत भरतात तो वाळा, सगळीकडे 'खास' झालं: "दर सिझनला खास बदलावी लागते." 'काहून'चं 'कानून' झालं. मी मध्येच हिंदीत शिरतो, लोहाओळीत सगळे व्यवहार हिंदीतच होतात, तिथे तर ॲपने हातच टेकले. ताईंनी दुसऱ्या दिवसापासून ऐकून हाताने उतरवायला घेतलं. एका तासाच्या बोलण्याला त्यांचे पाच-सहा तास जातात. फी ऐकून मी तोंड वाकडं केलं होतं, ती फी कशाची ते आता दिसू लागलं.

४ ऑगस्ट

नमुन्याचं प्रकरण आलं. वाचलं आणि फोन केला, "ताई, मी असा बोलतच नाही."

पहिलं वाक्य होतं: 'प्रतिकूल परिस्थितीशी झुंज देत मी या व्यवसायात पाऊल ठेवले.' मी म्हटलं, हे तर मागच्या वर्षीच्या ६२ पानांसारखंच झालं.

त्यांनी शांतपणे रेकॉर्डिंगचा तुकडा पाठवला. अठराव्या मिनिटाला मीच म्हणतोय: "आमची परिस्थिती प्रतिकूल होती, झुंज देत देत या व्यवसायात पाऊल ठेवलं." माझाच आवाज, माझेच शब्द. माइक लागला की मी सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिल्यासारखा बोलतो. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, तो तुकडा ऐकला आणि इतकी हसली की मी फोन बंद केला.

इलाज असा काढला: समोरासमोर बसून मुलाखत बंद. ताई कामात सोबत येणार. पत्रा घ्यायला लोहाओळीत, डीलरकडे, गोडाऊनला. मी कोणाशी तरी बोलत असताना त्या ऐकणार. बरं बोलणं तिथे निघतं.

भाषेचंही ठरवलं. पूर्ण पुस्तक 'मले-तुले'त लिहिलं तर नाशिक-कोल्हापूरचा वाचक दहा पानांत थकेल, पूर्ण पुस्तकी मराठीत लिहिलं तर आमचा मिस्त्रीच ओळखू येणार नाही. म्हणून निवेदन साध्या मराठीत, आणि माणसं बोलतात ते जसंच्या तसं, 'करून राहिला', 'जाऊन राहिली' सकट. एका कागदावर हे नियम लिहून दोघांनी जवळ ठेवले. पुढे प्रूफाच्या वेळी या कागदाने आमची भांडणं वाचवली.

आजच मुनीमजींनी पकडलं: पहिला हप्ता ५० हजार पूर्ण देऊन टाकला, टीडीएस कापलाच नाही. आमच्या फर्मला अशा कामाच्या फीवर १० टक्के कापून पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा लागतो. आता ५ हजार पुढच्या हप्त्यातून वळते करायचे आणि महिना १ टक्का व्याज खिशातून. रक्कम किरकोळ, पण ताईंना फोन करून सांगताना लाज वाटली.

१९ ऑगस्ट

कूलर कसा काम करतो यावरचं प्रकरण. मला वाटलं होतं हे सगळ्यात सोपं जाईल.

ताईंनी विचारलं, खिडकी उघडी काहून ठेवायची? मी म्हटलं, ठेवायचीच असते. तीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगतोय, ठेवा. कारण सांगायला बसलो तर अडखळलो. मग पोरग्यासमोर बोलून बोलून जुळवलं: ओल्या ताटीतून हवा ओढली की पाणी वाफ होतं, वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतूनच जाते, म्हणून हवा गार. पण ती हवा दमटही असते. खोली बंद ठेवली तर दमट हवा साचते, मग पाणी वाफ व्हायचं थांबतं आणि कूलर नुसता ओला पंखा होतो. म्हणून आमच्याकडे मेमध्ये कूलर राजा, आणि जूनच्या मध्यात ढग आले की त्याच मशीनला कोणी विचारत नाही. आमच्या धंद्याचं सगळं कॅलेंडर या एका गोष्टीवर चालतं आणि ती मी पहिल्यांदाच कोणाला धडपणे सांगितली.

यात एक चूक पकडली. मसुद्यात होतं: 'चांगल्या जाड २४ गेजच्या पत्र्याचा कूलर.' उलटं आहे. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. १८ जाड, २४ पातळ. हे छापून गेलं असतं तर लोहाओळीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तुमच्या धंद्यातल्या अशा उलट्या गोष्टींची यादी लिहिणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात द्या. मी दिली नाही, म्हणून अशा अकरा चुका मला नंतर शोधाव्या लागल्या. अकरा म्हणजे मला सापडलेल्या.

३ सप्टेंबर

मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक. महाल भागात गर्दी, कामगार नाहीत, ताई नाहीत. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. काम शून्य.

१५ सप्टेंबर

उन्हाळ्यावरचं प्रकरण. सुरुवातच: 'ज्या शहरात पारा ५६ अंशांवर जातो...' ताईंनी बातमीतून घेतलं होतं. यंदाच ३० मेला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं आणि ते देशभर फिरलं. पण नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता. पहिली बातमी पहिल्या पानावर आली, खुलासा आत कुठेतरी. ती ओळ काढून २०१३ च्या मेमधले ४७.९ टाकले. ताई थोड्या नाराज झाल्या, ५६ ला जी धार होती ती ४७.९ ला नाही म्हणाल्या. मी म्हटलं, ४७.९ मध्ये माझ्या दारात सकाळी सातला रांग लागली होती, ते लिहा. ते लिहिलं.

२८ सप्टेंबर

अर्धा मसुदा हातात. दुसरा हप्ता, टीडीएस कापून.

आणि काम अडलं. ताई म्हणाल्या, "भाऊ, पुस्तकाला पोटच नाही. २००४ ते २००९ ऐंशी पानं, २०१० ते २०१२ सहा ओळी. त्या तीन वर्षांत तुम्ही काय करत होता?"

धंदाच करत होतो, म्हटलं.

"मग वह्या दाखवा."

वह्या माळ्यावर आहेत म्हटलं, उंदरांनी खाल्ल्या म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. बॅग उचलून गेल्या. दोन आठवडे त्यांचा फोन नाही आणि माझाही नाही.

१३ ऑक्टोबर

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. दीक्षाभूमीच्या आसपास पुस्तकांचे स्टॉल दर वर्षी पाहतो, यंदा विकत घ्यायच्या नजरेने नाही, विकायच्या नजरेने पाहिले. माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेत होती. दूरदूरहून आलेली, खांद्यावर पोर, हातात पुस्तकांचं बोचकं. एका स्टॉलवर एक मुलगा पुस्तक उघडून मधलंच पान वाचत होता. पहिलं पान नाही, मागचं कव्हर नाही. मधलं. पाच मिनिटं वाचून त्याने पैसे काढले.

घरी येऊन माळ्यावरून वह्या काढल्या. उंदरांनी खाल्लेल्या नव्हत्या.

१९ ऑक्टोबर

चंद्रपूरला डीलरांच्या वसुलीला निघालो. ताईंना फोन करून सोबत चला म्हटलं. हीसुद्धा होती. बुटीबोरी सोडल्यावर बोलायला लागलो ते जाम हे गाव येईपर्यंत बोलत होतो.

इथेही लिहितो, कारण हेच लपवण्यात माझे तीन महिने गेले.

२०१० च्या जानेवारीत ६०० मोटरी स्वस्तात मिळाल्या. तांब्याची वाइंडिंग म्हणून घेतल्या. भावातला फरक एवढा होता की मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. एक उघडून पाहिली, आत ॲल्युमिनिअम. ॲल्युमिनिअमची मोटर चालतच नाही असं नाही. पण तेवढ्याच जाडीच्या तारेत विजेला अडथळा जास्त, म्हणून ती तापते, तिचे जोड खराब होतात, आणि मेमध्ये आधीच बाहेर आग, त्यात व्होल्टेज खालीवर. पैसे दिलेले होते, सिझन तोंडावर होता. बसवल्या.

मेमध्ये जळायला लागल्या. मी डीलरांना सांगितलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, गिऱ्हाइकाला स्टॅबिलायझर घ्यायला सांगा. महिनाभर हेच सांगत राहिलो. त्या सिझनच्या उधारीतले ११ लाख परत आले नाहीत. मी सगळ्यांना सांगत आलो की डीलरांनी बुडवले. डीलरांनी बुडवले नव्हते. त्यांनी कापून घेतले होते.

गाडीत कोणी काही बोललं नाही. जामला चहा घेताना ताईंनी पर्समध्ये हात घातला आणि कपाळावर मारून घेतला. रेकॉर्डर चालूच केला नव्हता.

परत आल्यावर पुन्हा रेकॉर्ड केलं. दुसऱ्यांदा सांगताना माझं भाषण झालं: 'त्या काळात एक चूक झाली.' केली नाही, झाली! ताईंनी ते रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं आणि त्या रात्री आठवणीने टिपून ठेवलेल्या नऊ पानांवरून प्रकरण लिहिलं. रेकॉर्डर गाडीत बसायच्या आधीच चालू करा. पण त्या दिवशी तो चालू दिसला असता तर मी बोललो असतो का, कोण जाणे.

६ नोव्हेंबर

प्रकरण वाचून घरात भांडण. मुलगा म्हणतो, "बाबा, आता ब्रँड उभा झाला आहे, गिऱ्हाईक काय म्हणतील? मोटरवाला केस टाकेल." हिने मात्र एवढंच म्हटलं, "छापा. मले तर तेव्हाच माहीत होतं."

वकिलाला दाखवलं. त्याचा सल्ला: मोटर विकणाऱ्याचं नाव, गाव, दुकानाची खूण काहीही नको. डीलरांची नावं बदला, ज्याला ओळखता येईल अशाची लेखी परवानगी घ्या. स्वतःबद्दल हवं ते लिहा. यात त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत, प्रकरण आवडलं म्हणाला.

१० नोव्हेंबर

परवानगीसाठी त्यातल्या सगळ्यात जुन्या डीलरकडे गेलो. चौदा वर्षांत आमचं बोलणं नव्हतं, लग्नात दिसलो तर नमस्कार तेवढा. दुकानात बसून त्याला प्रकरण वाचून दाखवलं, पूर्ण. गिऱ्हाईक आलं तर थांबायचो, पुन्हा सुरू.

ऐकून म्हणाला, "व्होल्टेजचं मले तेव्हाच समजलं होतं. स्टॅबिलायझर लावूनही जळून राहिल्या होत्या ना मोटरी." मग म्हणाला, "एक चूक आहे यात. वीस नाही, चौतीस मोटरी जळल्या माह्या."

आकडा दुरुस्त केला. सही केली त्याने. उठताना म्हणाला, "त्यातल्या तीनची भरपाई मी कापली नव्हती, भाऊ. विसरलो होतो. मांडून ठेवलं आहे." वही काढून दाखवली. २०१० च्या भावाने ८५० ची एक. २,५५० रुपये तिथेच दिले. पुस्तकाच्या खर्चात धरतोय.

२५ नोव्हेंबर

पूर्ण मसुदा आला. वाचताना पहिल्यांदाच मी पेन्सिल बाजूला ठेवून वाचत गेलो. तिसरा हप्ता.

आता दुसरी दुरुस्ती-फेरी. आधीची प्रकरणं नव्या प्रकरणाशी जुळेनात. 'प्रामाणिकपणा हेच माझे भांडवल' असं वाक्य अठराव्या पानावर होतं, पुढे १०४ वर ॲल्युमिनिअमच्या मोटरी! ताईंनी विचारलं, कोणतं काढू? अठरावरचं काढलं.

छपाईचं विचारायला गेलो तर प्रेसवाले निवडणुकीने दमलेले. मतदान २० ला झालं, निकाल २३ ला लागला, तरी अभिनंदनाचे फलक चालूच. डिसेंबरात या म्हणाले. निवडणुकीच्या मोसमात पुस्तक छापायला जाऊ नका. आम्हाला यावर कोणी सांगायची गरज नव्हती, मेमध्ये कूलर दुरुस्तीला आणणाऱ्याला आम्ही हेच सांगतो.

१२ डिसेंबर

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. एकाने 'काढून देतो' म्हणून साडेतीन हजार सांगितले. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर स्वतः अर्ज केला तर फुकट मिळतो. सुनेने एका दुपारी भरला. प्रकाशक म्हणून आमचंच नाव, कारण दोन प्रकाशकांनी सहा महिने थांबायला सांगितलं होतं आणि मला सिझनच्या आत हवं होतं. नंबर यायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. अर्ज मसुदा पूर्ण व्हायच्या आधी करून ठेवता आला असता.

२८ डिसेंबर

डीटीपीने, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावण्याने, जीव घेतला. ताईंनी युनिकोडमध्ये टाइप केलेलं. डीटीपीवाल्याने ते त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट केलं. पहिलं प्रूफ आलं, वरवर ठीक दिसलं. मग कळलं की 'दुसऱ्या'चं सगळीकडे 'दुसर्या' झालंय, 'खऱ्या'चं 'खर्या', 'पत्र्याच्या वरच्या कोपऱ्यात'चं 'कोपर्यात'. अवतरणचिन्हं उलटी. मी म्हटलं, जसंच्या तसं युनिकोडमध्येच लावा. त्याने इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली. दोन दिवस त्याने फॉन्ट बदलून पाहिले. शेवटी त्याच्या भाच्याने परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कम्पोझर' हा पर्याय निवडला आणि एका मिनिटात सगळं जागेवर आलं. आठ दिवस गेले, फेरमांडणीचे ३ हजार वेगळे.

प्रूफवाचन ताईंकडे देऊ नका, स्वतः तर करूच नका. दोघांनाही मजकूर पाठ झालेला असतो. तिसऱ्या माणसाला १२ हजार दिले. त्यांनी ४०० हून जास्त खुणा केल्या.

९ जानेवारी २०२५

पानं भरली १९६. प्रेसवाला म्हणाला, १६ पानांचा एक फॉर्म, तेव्हा एकतर १९२ करा नाहीतर २०८. बारा कोरी पानं कोण देणार. चार पानं काढायची होती, माझ्या सत्काराच्या फोटोंची बरोबर चार पानं होती. ताईंनी काही सुचवलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

त्याच बैठकीत मी म्हटलं, "ताई, आत तुमचं नाव टाकू. शब्दांकन म्हणून."

"टाका. पण नावाशिवायचे ४० हजार जास्त घेतलेत, ते परत मागू नका म्हणजे झालं."

मागितले नाहीत. पुरवणी करार एका पानाचा केला. नाव पुस्तकात आहे, इथे अजूनही लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. फोन यायला लागतील, आणि त्यांच्या हातात सध्या दुसरं काम आहे.

१४ फेब्रुवारी

५०० प्रती आल्या. डेमी आकार, पिवळसर कागद, प्रतीमागे ७८ रुपये. वर्कशॉपमध्ये खोकी उतरवली तेव्हा बेंडिंग मशीन जोरात चालू होतं. सिझन लागला. चार प्रती कायद्याने चार ग्रंथालयांना पाठवायच्या असतात, प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत आणि आपल्या खर्चाने: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची. पाठवल्या, ४८० रुपये.

हिशेब: मागच्या वर्षी बुडालेले ४०,०००. ताईंची फी २,००,०००. वकील ६,०००. माइक १,२००. डीटीपी पानाला ६० प्रमाणे ११,५२० अधिक ३,०००. प्रूफ १२,०००. कव्हर ८,०००. छपाई ३९,०००. टपाल ४८०. तीन मोटरी २,५५०. एकूण ३,२३,७५०. टीडीएसवरचं व्याज मुनीमजींनी स्वतःच्या पगारातून भरायची तयारी दाखवली होती, ते फर्मने भरलं, यात धरलं नाही. किंमत २५० ठेवली आहे. सगळ्या ५०० खपल्या तरी १,२५,००० येतात. पुस्तकाच्या विक्रीतून पैसे निघतील असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून हा हिशेब मागा.

२ मार्च

माल पोचवायला गाडी निघाली होती, सोबत गेलो. जुन्या डीलरकडे यंदा चौदा वर्षांनी माझे वीस कूलर उतरले. पुस्तकाच्या २५ प्रतीही काउंटरवर ठेवल्या. त्याने एक उचलली, मधलंच पान उघडलं, चौतीसचा आकडा पाहिला आणि मान हलवली.

पैशांचं विचारलं तर म्हणाला, "कूलरचे अन् पुस्तकाचे संगच देतो, भाऊ. सिझन झाल्यावर."

वहीत मांडून घेतलं.